आमटीला गोडी कुठून आली

औरंगपुरा, औरंगाबाद
१४ जानेवारी १९८३, संक्रांत

सौ. मीनाक्षीबाईंना देवगाव रंगारीच्या साळूबाईचा नमस्कार. घ्यायचा तर घ्या, नाय तर पाकिटासकट फाडून टाका, माझी ना नाय.

बावीस वर्षांनी हिला आज काय सुचलं, असं म्हणाल. संक्रांत हाय म्हणून लिहिते. पाकिटात चार तीळ टाकलेत. लाडूच पाठवणार होते, पण पोस्टातला माणूस म्हणला, आजी, बहरीनला पोचेस्तोवर त्याचा भुगा व्हईल. आजी म्हणला मेला मला! माझ्या अक्षराला हसू नका. तिथं बहरीनला, मनामाच्या क्वार्टरात पाटीवर हात धरून तुम्हीच गिरवून घेतलं होतं. 'ळ' अजून वाकडाच येतो, अन् नेमका माझ्याच नावात बसलाय.

खबर अशी, की आमचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली. तुमच्या नणंदबाईंनी, दमयंतीबाईंनी कळवलं असेल. त्या इथं मागच्या गल्लीतच राहतात. तुमचं पत्र आलं की मला वाचून दाखवतात. मी विचारत नाय, त्याच सांगतात. त्यांच्याकडूनच कळलं, की तुमच्या हेमलताला दिवस गेलेत, चौथा सरत आलाय, अन् उलट्या सोसवेनात म्हणून ती पुण्याहून तुमच्याकडं येणार हाय. बरं वाटलं ऐकून. मी काय तुमची लेक पाहिली नाय. आम्ही बहरीन सोडून आल्यावर ती झाली. देव तिचं चांगलं करो.

काल तीळ भाजताना दौलताबाद आठवलं. पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती. आपण दोघी नव्या नवऱ्या, एकाच घरमालकाच्या शेजारशेजारच्या खोल्यांत. आमचे मालक पावरहौसात वायरमन, तुमचे श्रीनिवासराव तहसिलीत उर्दूचे कारकून, अन् दोघांची यारी अशी की एक विडी दोघांत ओढायचे. सासूबाईंना देवीला जाते म्हणून सांगितलंत अन् आलात आमच्यासोबत किल्ल्याखाली. माझ्या फडक्यात ज्वारीच्या भाकरी अन् ठेचा. मराठ्याघरची भाकरी ब्राह्मणाच्या सुनेनं कशी खायची? तुम्ही आपल्या पेरू कुरतडत बसलात. मग ठेच्याचा वास आला अन् माझ्या हातातलाच तुकडा ओढून घेतलात. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, तरी म्हणता, "साळे, आणखी आहे का गं?" त्या दिवशी आपलं जमलं. पुढं दोघांना बहरीनला नोकरी लागली, अन् तिथंही आपण शेजारशेजारच्याच क्वार्टरात.

असो. एक किरकोळ गोष्ट विचारायची राहिली. आमच्या सासूबाईंचं पितळी तपेलं तुमच्याकडं राहिलेलं, काठाला पोचा आलेलं. हाय का अजून? असलं तर फेकून द्या. कुणाला देऊ मात्र नका. लई जुनं झालंय. पोरीला त्यात काही रांधून घालू नका. एवढंच.

साळूबाई


औरंगाबाद
१९ फेब्रुवारी १९८३

मीने,

आता ते बाई-बिई राहू दे. काल दमयंतीबाईंनी तुझं पत्र वाचून दाखवलं अन् माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"साळीला बावीस वर्षांनी आठवलं ते भांडं! माझ्या गेलेल्या दोन लेकरांची विचारपूस नाही, पितळेची आहे. मी मुद्दाम ते माळ्यावरून काढलं, चिंचेनं लख्ख घासलं. आता हेमूसाठी रोज त्यातच आमटी करते. सांगा तिला."

मी पितळेसाठी लिहीन व्हय गं? एका ताटात जेवलोय आपण. काय समजलीस तू मला? अन् माळ्यावर निजलेलं होतं तर निजू द्यायचं ना, खुळे! पण तुला तरी काय बोलू. कसूर माझाच. मी विचारलं नसतं तर तुला त्याची आठवणही झाली नसती. दमयंतीबाई वाचत होत्या अन् मी पदर अंगाभोवती गच्च गुंडाळून घेतला. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणले, थंडी. फेब्रुवारीत, दुपारी बाराला!

त्यांना म्हणलं, तुम्ही लिहा वहिनीला, की ते भांडं वापरू नको. तर त्या म्हणतात, "तुमच्या भांड्याच्या भांडणात मला ओढू नका." का ते सांगितल्याशिवाय त्या लिहायच्या नाहीत, अन् का ते मला सांगता येत नाय.

तुला आपले मनामातले शुक्रवार आठवतात का? सुट्टीचा वार. तुमची सतरंजी, आमचं घोंगडं, जोडून अंथरायचं. श्रीनिवासराव भट्टीवरून गरम रोट्या आणायचे, त्या दारापासूनच तोडत यायचे. शेजारची फातमाबाई पाटीभर खजूर पाठवायची अन् तिच्या बोलीत काहीतरी म्हणायची, आपण दोघी आपल्या 'हाव हाव' करून माना हलवायच्या. ना सोवळं, ना सासू. तू म्हणायचीस, "समुद्र ओलांडला ते बरंच झालं." मधोमध ते तपेलं, अन् त्यात माझी चिंचगुळाची आमटी. तुला दिवस होते, डोहाळे सगळे आंबटाचे. मग मी शुक्रवारची वाट कशाला बघते, रोजच करायला लागले. उरली की तपेल्यासकट तुझ्याकडं ठेवायची, सकाळी शिळी खायला. मला आंबटाचं पित्त, मी आपली दूध-भाकरी खायची.

एकदा बोटं चाटत तू म्हणालीस, "साळे, आमटी तुझी आधीही चांगलीच व्हायची. पण या दोन-तीन महिन्यांत तिला काही वेगळीच गोडी आलीय. गूळ बदललास का?" श्रीनिवासरावही म्हणाले, व्हय, गोडी आलीय. मी नुसतं हसले. गूळ तोच होता.

म्हणून सांगते, त्यात आंबट काही करू नकोस. त्याची कल्हई खराब हाय. मनामाच्या बाजारात एक कल्हईवाला बसायचा, त्यानं केली होती, त्यानं कथलात काहीबाही मिसळलं असणार. तसली कल्हई अंगाला लागते, अन् पोटुशीला तर लईच. स्टीलचं घे दुसरं. माझ्यावर रागावून का होईना, घे.

साळू


औरंगाबाद
१४ मार्च १९८३

मीने,

पकडलंस मला. तुझं पत्र दमयंतीबाईंनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"साळी खोटं बोलते. मनामात तेव्हा कल्हईवाला होताच कुठं? तिच्या नवऱ्यानं, बद्रीनाथभाऊंनी आमच्याच व्हरांड्यात कल्हई केली, कापसाचा बोळा मी हातात दिला होता. भाऊंच्या हातची कल्हई आहे ती, अजून तिच्यात तोंड दिसतं. त्या माणसानं कधी कुणाला वाईट दिलं नाही. हेमूच्या पोटात हल्ली कळा येतात, पोट साफ होत नाही, तोंडाला चव नाही. एवढी आमटीच काय ती जाते. तीही बंद करू का?"

कर. आज कर. हे वाचतेयस त्या घडीला कर. उद्या दमयंतीबाईंच्या मुलाला घेऊन तारहापिसात जाणार हाय. तार हे पत्र यायच्या आधी पोचेल.

आता खरं सांगते. कल्हईवाला नव्हता. पितळ उघडं पडलं होतं, आमटी कळकायला लागली होती. पहिल्या दिवशी तू थू करून टाकली होतीस, आठवतं? कळकलेलं तोंडाला लगेच कळतं, म्हणून बाई वाचते. मालकांना म्हणलं, कल्हई करून द्या. कथील काही मिळालं नाय. पण त्यांच्या पेटीत रेडिओ झाळायच्या तारेचं रीळ होतं. ती तार वितळवून त्यांनी तपेल्यात फिरवली, नवसागर टाकला, बोळ्यानं पुसलं. चांदीचं केलं जणू. तू टाळ्या वाजवल्या होत्यास.

त्या तारेत कथील अर्धं असतं, मीने. बाकीचं अर्धं शिसं.

शिसं कळकत नाय. थू करावंसं वाटत नाय. आंबटात ते उतरतं अन् गोड लागतं.

हे मला कळलं नऊ वर्षांपूर्वी. इथं येऊन मालकांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, जन्मभर तीच तार हातात. शेवटच्या वर्षी पोटात कळा यायच्या, मनगटं लोंबायला लागली, कप धरवेना. डॉक्टरनं ओठ वर करून हिरड्या बघितल्या, निळी रेघ दाखवली, अन् विचारलं, शिशाचं काम करता का? मग माझ्याकडं वळून विचारलं, "घरात कुणा बाईचे गर्भ गेले का?" मी म्हणले, आमच्या घरात नाय. मला पोरं देवगावला झालेली, बहरीनच्या आधीच. पण मला तू दिसलीस. पहिल्या खेपेचा तिसरा महिना, दुसऱ्या खेपेचा सहावा. सहाव्यातलं ते लेकरू श्रीनिवासरावांनी टॉवेलात गुंडाळून नेलं होतं, अन् मी चौथ्या दिवशी तुझ्यासाठी काय घेऊन आले? आमटी. तू तोंड फिरवलंस, म्हणालीस, "नको. तुझ्या हातचं मला बाधतं, साळे."

मी भरलं तपेलं तिथंच ठेवलं अन् म्हणले, मेले तरी तुझ्या दारचं पाणी पिणार नाय. दोन महिन्यांत आम्ही बहरीन सोडलं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, की बामणीण शेवटी बामणीणच निघाली. अन् तू खरं बोलली होतीस.

कळल्यावरही नऊ वर्षं लिहिलं नाय. मनाला समजावलं, की तिची हेमू धडधाकट हाय, तपेलं कुठं माळ्याबिळ्यावर पडलं असेल, आता नाहक तिला रडवायचं कशाला. ते सगळं खोटं. मला तोंड नव्हतं.

पण मालकांना दोष देऊ नकोस. भोळा माणूस. शिशाचं त्यांना काय ठाऊक होतं तेव्हा?

साळू


औरंगाबाद
२८ मार्च १९८३

मीने,

आज सकाळी दमयंतीबाई आल्या त्या खाली बसल्याच नाहीत. उभ्या उभ्या पत्र वाचलं.

"साळीची तार मिळाली, पत्रही मिळालं. तिचं डोकं ठिकाणावर नाही असं हे म्हणतात. भाऊ वायरमन होते. त्या तारेत काय असतं हे वायरमनला ठाऊक नसेल? ठाऊक होतंच. मग खरंच शिसं असतं तर दर शुक्रवारी ते स्वतः आमच्या पंगतीला बसून वाटीवर वाटी आमटी प्यायले असते का? जीव प्यारा नव्हता का त्यांना? म्हणजे त्यात काही नाही. स्वतःच्या मेलेल्या नवऱ्यावरही आळ घ्यायला ही बाई कमी करत नाही. हेमूला डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय, थोडं रक्त दिसलं. भाऊंची आठवण म्हणून तरी मी आता ते तपेलं टाकणार नाही."

वाचून त्या म्हणल्या, "साळूबाई, यात खरं काय? पोर माझीही भाची आहे." मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणल्या, "हे मी नाही लिहिणार. हे तुम्हीच लिहा, तुमच्या अक्षरात. तरच ती मानेल." दुसरी तार करायला त्या स्वतः गेल्यात. ट्रंककॉलही लावायला सांगितलाय, पण लागेल तेव्हा खरा. म्हणून हे लिहितेय. फातमाबाईचा पुतण्या इथं कापड न्यायला आलाय, तो उद्या मुंबईहून विमानानं परत जातोय, त्याच्या हाती देते. परवा तुझ्या हातात पडेल.

आधी कामाचं. तपेलं घराबाहेर काढ. त्यातली आमटी, सार, पाणी, काही पोटात जाता कामा नये. डॉक्टरला सांग की पोरीच्या पोटात शिसं गेलंय, सात-आठ आठवडे, रोज. रक्त तपासा म्हणावं. त्याला इंग्रजीत 'लेड' म्हणतात, दमयंतीबाईंच्या मुलाकडून घोटून घेतलंय मी. श्रीनिवासराव हसले तर हसू देत. तूही आमटी खात असशील पोरीसोबत, तर तुझंही रक्त तपास.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. बरोबर विचारलंस. वकिलाची अक्कल हाय तुला, पहिल्यापासून.

मालकांना ठाऊक होतं. मी पुन्हा खोटं लिहिलं. त्यांना पक्कं ठाऊक होतं. रीळ हातात घेऊन ते किती वेळ बसून राहिले होते. म्हणले, "साळे, ही खाण्याची वस्तू नव्हं. यात शिसं हाय." मी म्हणले, कापसानं पुसलं की कुठलं शिसं राहतंय, करा तुम्ही. दोन दिवस मी तोंड फुगवून बसले, तेव्हा कुठं त्यांनी केली. अन् तपेलं माझ्या हातात देताना बजावलं, "यात पीठ ठेव, पाणी तापव अंघोळीचं. आंबट अजिबात शिजवायचं नाय. शपथ घे." घेतली. त्यांच्याच गळ्याची घेतली.

मग मी काय केलं, ऐक. आमटी जर्मनच्या, त्या अल्युमिनच्या पातेल्यात केली. चिंचेनं ते काळं पडलं अन् आमटीला कसली चवच नाय. तू अर्धी वाटी सारलीस बाजूला. मला ते सोसलं नाय. दुसऱ्या दिवशी मालक कामावर गेल्यावर तपेल्यात केली. त्या दिवशी तू तीन वाट्या प्यायलीस. श्रीनिवासराव म्हणाले, वहिनी, हाताला काय जादू हाय तुमच्या! गावाकडं मला कुणी असं म्हणलं नव्हतं गं. भाकरी थाप, धुणं धू, गप बस, एवढंच. तुम्ही दोघं शिकलेली माणसं माझं कौतुक करत होता, अन् मला त्याची चटक लागली.

शुक्रवारची आमटी मी मालक उठायच्या आधीच शिजवून ठेवायची. ते पंगतीला बसायचे, तपेल्याकडं बघायचे अन् मला विचारायचे. मी सांगायची, जर्मनच्यात शिजवली, वाढायला तेवढी तपेल्यात ओतली. त्यांचा माझ्यावर यकीन. ते प्यायचे. म्हणून प्यायचे, मीने. जीव प्यारा नव्हता म्हणून नाय.

तुझं पहिलं गेलं तेव्हा मला काही कळलं नाय, खरंच नाय. दुसरं गेलं त्या दिवशी मात्र मालक घरी आले अन् चपला न काढता चुलीपाशी उभे राहिले. पातेल्याकडं बघितलं, तपेल्याकडं बघितलं. अन् तसेच बाहेर निघून गेले. बहरीन सोडायचं त्यांनी ठरवलं ते त्या आठवड्यात. तू बाधतं म्हणालीस म्हणून आम्ही निघालो असं मी जगाला सांगते, पण ते तिथं राहूच शकत नव्हते.

अन् शेवटच्या दिवसांत, डॉक्टरनं ते विचारल्यावर, दोन दिवस ते भिंतीकडं तोंड करून पडून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पेज भरवत होते. हात उचलत नव्हता त्यांचा. माझ्याकडं न बघता म्हणले, "साळे, मनामाला आमटी कशात शिजवायचीस गं?"

चौदा वर्षांनी पुन्हा विचारलं. मरणाच्या दारात होते. तेव्हा तरी खरं बोलायचं ना मी? मी चमचा त्यांच्या तोंडापाशी नेला अन् म्हणले, जर्मनच्या पातेल्यात. त्यांनी डोळे मिटले. "बरं," म्हणले, अन् पेज गिळली.

त्यांना सांगितलं नाय ते तुला सांगते. मला माफ करू नकोस, नुसतं खरं मान. मी तपेल्यातच शिजवत होते.

साळू